विमानातून उतरल्यापासून आईच्या कानाला दडे बसलेत, मोकळे होईनात. काय करावं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आई बंगळूरला बहिणीकडे होती. घरच्या लग्नासाठी परवा विमानाने हैदराबादला उतरली आणि तिथून गाडीने उदगीरला आली. निघतानाच तिला सर्दी होती. विमान खाली यायला लागलं तसा उजवा कान ठणकायला लागला. उतरल्यावर ठणका कमी झाला, पण दडा तसाच आहे. म्हणते, "मडक्यात तोंड घालून बोलल्यावाणी माझाच आवाज मला घुमायलाय." फोन आला की डाव्या कानाला लावते. घरात सगळे मोठ्यानं बोलायलोत.

शेजारच्या काकू म्हणाल्या, लसूण टाकून तेल कोमट करा आन् दोन थेंब सोडा. औषधाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी कानात टाकायचे थेंब दिले. ते अजून टाकले नाहीत. आईचं वय ६४, बीपीची गोळी चालू आहे.

तेल टाकावं का? किती दिवस वाट बघावी? आणि लग्न झालं की तिला परत बंगळूरला जायचंय, बहिणीचं बाळंतपण जवळ आलंय. अशा कानानं तिला विमानात बसवावं का?

सिंदफणा
दादा, तेल टाकू नका. दुकानातले थेंबही डॉक्टरांनी कान बघेपर्यंत तसेच राहू द्या.

कारण साधं आहे. दडा बसलाय तो पडद्याच्या आतल्या बाजूला. तेल राहतं पडद्याच्या बाहेर, म्हणजे जिथं त्रास आहे तिथवर ते पोचतच नाही. आणि ठणका खूप होऊन एकदम थांबला असेल तर कधी कधी पडद्याला बारीक चीर गेलेली असते. तशी चीर असली तर तेल थेट आत जातं आणि मग खरा पू धरतो. काकूंनी मायेनंच सांगितलं असणार, पण विमानाच्या दड्यावर तो उपाय नाही.

आधी एवढं सांगा: कानातून पाणी किंवा रक्त आलंय का? चक्कर येते का, घर फिरल्यासारखं वाटतं का? कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज आहे का? ताप आहे का?

कन्नडकर
कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं जाताना आमचे पण कान गच्च होतात. एक आवंढा गिळला की टक्कन मोकळे होतात. विमानात तसंच होत असेल ना? मग आईंचा कान दोन दिवस का बसून राहिला? आणि वर चढताना काही होत नाही, उतरतानाच का होतं, हे मला कधी कळलं नाही.

मांजराकाठ
@सिंदफणा, पाणी किंवा रक्त काही नाही. ताप नाही. चक्कर नाही. शिट्टी नाही, पण जांभई दिली की आत बुडबुडा फुटल्यासारखं वाजतं म्हणते. सर्दी अजून आहे.

दुधना
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याच्या तपासण्या करणं हेच माझं रोजचं काम. सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आमच्याकडं वरचेवर येतो आणि बहुतेक लोक कानातच उपाय शोधत बसतात. उपाय नाकात आणि घशात आहे.

पडद्यामागं एक छोटी हवेची पोकळी असते, मध्यकर्ण. तिथून एक नळी नाकाच्या मागं घशात उघडते, तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण ३.५ सेंटिमीटर. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो.

विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आतली हवा तितकी विरळ नसते. ती साधारण ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ ठेवलेली असते. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, कानातली हवा फुगते आणि नळीतून आपोआप बाहेर पडते. त्याला कष्ट लागत नाहीत. उतरताना उलटं. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत खेचला जातो, आणि हवा आत घ्यायची तर नळी प्रत्येक वेळी मुद्दाम उघडावी लागते. @कन्नडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. घाटात उंचीचा फरक कमी असतो आणि तुमची नळी निरोगी असते, म्हणून एका आवंढ्यात काम होतं. सर्दीत नळीच्या तोंडाची त्वचा सुजलेली असते. शिवाय दाबाचा फरक एका मर्यादेपलीकडं गेला की नळी इतकी घट्ट चिकटते की स्नायू कितीही ओढला तरी उघडत नाही. म्हणून कान दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधीपासून गिळायला सुरुवात करायची.

एकदा पडदा आत ओढलेला राहिला की पोकळीच्या अस्तरातून पाणी पाझरतं. आईंना बुडबुडा वाजतो तो नळी थोडी थोडी उघडायला लागल्याचा असावा. चांगली खूण आहे.

आता घरी करता येईल अशी एक गोष्ट. आईंना तोंड मिटून "म्म्म्म" असं गुणगुणायला सांगा. आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो ते विचारा. बसलेल्या कानात मोठा वाटला तर अडथळा बहुधा हवेचा, पाण्याचा किंवा मळाचा. चांगल्या कानात मोठा वाटला आणि बसलेल्या कानात काहीच नाही, तर आतल्या नसेचा प्रश्न असू शकतो. तशा वेळी एक दिवसही थांबू नये. अचानक आलेल्या नसेच्या बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच जास्त उपयोग होतो. दोन आठवडे उलटले की संधी बरीच कमी होते. गुणगुणणं ही पूर्ण तपासणी नव्हे, दवाखान्यात ट्यूनिंग फोर्क लावून तेच नीट बघतात. पण घाई किती करायची हे त्यावरून कळतं.

मांजराकाठ
करून बघितलं. उजव्याच कानात, म्हणजे बसलेल्याच कानात मोठा येतो म्हणाली. दोनदा विचारलं. जीव भांड्यात पडला.

हुरडा_पार्टी
मी थोडं वेगळं सांगतो. आमच्या घरात आजीपासून कोमट तेल चालत आलंय. लहानपणी कान दुखला की लसणाचं तेल टाकायचे, झोप लागायची, सकाळी बरं वाटायचं. सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही.

सिंदफणा
बरं वाटायचं हे खरं असेल. कोमटपणानं दुखणं शांत होतं. पण ती ऊब बाहेरून देता येते की. सुती फडकं तव्यावर जरा कोमट करून, आपल्या गालाला लावून बघून, मग कानावर धरायचं. ठणक्याला पॅरासिटामॉल घेता येतं. आत काही सोडायचं कारण राहत नाही.

आणखी एक प्रकार प्रवासात बघितलाय, कागदी पेल्यात कढत पाण्यात भिजवलेला रुमाल घालून पेले दोन्ही कानांवर धरतात. त्यातलं पाणी ओघळून मान आणि कान भाजतात. कुणी करू नका.

दुधना
हुरडा_पार्टी, तुमच्या आजींच्या काळी कान बघायला दुर्बीण गावात नव्हती, हाताशी होतं ते त्या करत होत्या. आज अडचण अशी आहे की पडदा शाबूत आहे का हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. पडदा शाबूत असल्याची खात्री असेल आणि मळ घट्ट झाला असेल तर आम्ही स्वतःच मळ मऊ करणारे थेंब देतो. दाबाच्या त्रासात मात्र थेंबांचा उपयोग नाही.

कापसाची काडी, केसाची पिन, गाडीची किल्ली, काडेपेटीची काडी यातलं काहीही कानात घालू नका. मळ असला तर तो आणखी आत ढकलला जातो. बसस्टँडवर, बाजारात कान साफ करून देणारे बसतात त्यांच्याकडं तर दडा बसलेला कान कधीच देऊ नका.

पूर्णामाई
वाफारा चालेल का? माझ्या सासूबाई ओवा टाकून घेतात.

दुधना
चालेल. नाक मोकळं वाटतं, शेंबूड पातळ होतो. पातेलं मांडीवर किंवा गादीवर ठेवून घेऊ नका आणि लहान मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवू नका, भाजल्याच्या केसेस त्यातून होतात. नाकात साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा मारला तरी बरं. जलनेती सवयीची असेल तर करा, पण पाणी उकळून गार केलेलं घ्या, आणि कान पूर्ण बसलेला असताना जोरात नाक शिंकरू नका. एका वेळी एक नाकपुडी, हलकेच.

मांजराकाठ
आज लातूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून आलो. दुर्बिणीनं पडदा बघितला. चीर नाही. पडदा आत ओढलेला आहे आणि मागं थोडं पाणी आहे. मग कानात रबरी बोंडूक बसवून दाबाची तपासणी केली, आलेखाचा उंचवटा डावीकडं सरकलेला दाखवला. मळ नव्हता.

औषध: नाकात टाकायचे थेंब थोडेच दिवस, ॲलर्जीची गोळी, मिठाच्या पाण्याचा फवारा. बीपी मोजलं आणि मगच थेंब लिहिले. सांगितलं की सर्दीच्या तयार गोळ्या दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत. दिवसातून काही वेळा नाक धरून आवंढा गिळायचा. कान मोकळा झाल्याशिवाय विमानात बसायचं नाही, आठवड्यानं परत दाखवायचं.

दुकानातून आणलेले कानाचे थेंब त्यांना दाखवले. म्हणाले, यांची गरज नाही.

गोदातीर
बीपीचा मुद्दा जरा उलगडून सांगाल का कुणी? आमच्या परभणीच्या मोहल्ल्यातून बरीच वयस्कर मंडळी उमऱ्याला जातात. बहुतेकांना शुगर नाहीतर बीपी. जाताना मुंबईहून जिद्दा, येताना तिकडची सर्दी-खोकला घेऊनच येतात आणि परतीच्या विमानात हमखास कान बसतात. कुणीतरी एक जण गोळ्यांचं पाकीट वाटतो, सगळे घेतात. मला त्याची काळजी वाटते.

दुधना
काळजी रास्त आहे. सर्दी आटवणाऱ्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतं म्हणून सूज उतरते, पण शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांवरही काम करतं. बीपी वाढू शकतं, छातीत धडधड होते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणजे पाकिटातून वाटायची ही गोळीच नाही. ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

नाकातले थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, हे त्यामानानं जागेवरच काम करतात. बीपी आटोक्यात असेल तर डॉक्टर ते लिहून देतात. उतरण्याच्या अर्धा ते एक तास आधी टाकायचे. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला, त्या त्या बाजूच्या कानाकडं वळवायचं. आणि सलग तीन ते पाच दिवसांच्या वर नाही. पुढं चालू ठेवले तर बंद केल्याबरोबर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीला चिकटून बसतो.

तुमच्या मंडळींसाठी गोळीपेक्षा जास्त उपयोगाचं असं: उतरायला सुरुवात झाली की झोपू द्यायचं नाही. झोपेत आपण फार कमी गिळतो. विमान साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं. एकानं सगळ्यांना जागं करावं, हातात पाण्याची बाटली आणि तोंडात लवंग किंवा खडीसाखर द्यावी. खजूर चालेल, पण शुगर असलेल्यांना लवंगच द्या.

कन्नडकर
नाक दाबून फुंकायचं ते करावं का? आमच्या गाडीत एक जण इतक्या जोरात फुंकतो की चेहरा लाल होतो.

दुधना
जोरात मुळीच नाही. त्या पद्धतीला वाल्साल्व्हाचं नाव आहे, कानावर १७०४ मध्ये ग्रंथ लिहिणारा इटलीचा शरीरशास्त्रज्ञ. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं, गाल फुगू न देता अगदी हलकी हवा मागं ढकलायची. दोन-तीन सेकंद. टक्क झालं की बस. झालं नाही तर जोर वाढवू नका, आवंढे गिळा आणि थोड्या वेळानं पुन्हा करा. जोर लावला तर नळी उलट घट्ट मिटते, आणि आतल्या कानालाही इजा होऊ शकते.

नाकात पिवळा-हिरवा शेंबूड असेल तर ही पद्धत नको, घाण कानाकडं ढकलली जाते. तेव्हा नाक धरून पाण्याचा घोट गिळणं, म्हणजे आईंना डॉक्टरांनी सांगितलंय ते, जास्त सुरक्षित. मोतीबिंदूचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर फुंकण्याचा ताण घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. डोळ्याच्या पडद्याच्या काही ऑपरेशनांत आत वायू भरतात, तो विरेपर्यंत विमानातच बसायचं नसतं. आपल्या भागात ही गोष्ट लोकांना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम लिहिलं.

वेरूळची_लेक
माझं बाळ सात महिन्यांचं आहे. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, पुढं केरळ. त्याला कसं गिळायला लावू? सासरचे म्हणतात कानात कापूस घाल.

सिंदफणा
ताई, कापसानं हवेचा दाब अडत नाही. विमान खाली यायला लागलं की अंगावर पाजा, नाहीतर बाटली द्या, डोकं जरा उंच धरून. चढताना पाजून पोट भरलं तर उतरताना पिणार नाही, म्हणून भूक राखून ठेवा. बाळ रडलं तर घाबरू नका, रडण्यानंही नळी उघडते.

दुधना
सिंदफणांनी अगदी बरोबर सांगितलं. बाळांची नळी आखूड आणि आडवी असते, त्यात सर्दीही पटकन होते, म्हणून त्यांना त्रास जास्त. मुंबई समुद्रसपाटीला आणि चिकलठाणा जवळपास १,९०० फुटांवर, त्यामुळं जाताना मुंबईला उतरायची वेळ जास्त सांभाळा. औषधाचे थेंब बाळरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. निघण्याच्या आधी बाळ कान ओढत असेल, ताप असेल, दूध ओढताना रडत असेल तर कान दाखवूनच निघा.

गोदातीर
कानात घालायचे ते दाबाचे प्लग मिळतात त्यांचं काय?

दुधना
त्यात बारीक गाळणी असते, बाहेरचा दाब पडद्यापर्यंत हळूहळू पोचतो आणि नळीला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. काहींना बरं वाटतं. पण प्लग घालून झोपलात आणि गिळलंच नाही तर उपयोग शून्य.

मांजराकाठ
आईला कालपासून फरक आहे. जांभईला टक्क वाजतं आणि थोडा वेळ स्वच्छ ऐकू येतं, मग परत बसतं. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले असंच होत होत मोकळं होईल, पाणी पूर्ण आटायला काही आठवडेही लागू शकतात.

आता जाण्याचं. बहिणीची तारीख जवळ आहे, आईला थांबवत नाही.

पूर्णामाई
मग विमान कशाला? नांदेड–बंगळूर गाडी रोज परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, बिदर करत जाते. उदगीरला तुमच्या दारातून बसायचं, थेट बंगळूरला उतरायचं. वेळ जास्त लागतो, पण हैदराबादला जायची आणि विमानतळावर थांबायची दगदग वाचते. आमच्या नणंदबाई त्याच गाडीनं जातात. खालचा बर्थ बघून घ्या.

हुरडा_पार्टी
हे सगळ्यात चांगलं. आणि मांजराकाठ, काकूंना सांगा, राग मानू नका म्हणावं. तेल आम्ही पण आता बाहेरूनच लावू.

मांजराकाठ
रेल्वेचं तिकीट काढलं, खालचा बर्थ मिळाला. जाण्याआधी लातूरला परत दाखवून निघणार. येताना मात्र बहिणीनं विमानाचंच तिकीट काढून ठेवलंय, दीड महिन्यानंतरचं. तोवर कान बरा झालेला असला तरी तिला पुन्हा त्रास होईल का?

दुधना
कान पूर्ण मोकळा झाला असेल आणि त्या दिवशी सर्दी नसेल तर बहुतेक होणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी आईंना नाक धरून आवंढा गिळायला सांगा. दोन्ही कानांत टक्क वाजलं तर निर्धास्त बसवा. एकच वाजला किंवा नाक चोंदलेलं असेल तर बंगळूरच्याच डॉक्टरांना दाखवा, तिकीट पुढं ढकलता येतं. बसताना खिडकीपाशी नाही, मधल्या वाटेकडची जागा घ्या, म्हणजे हवाई सुंदरीला "खाली यायला लागलं की उठवा" एवढं सांगून ठेवता येईल. ते आनंदानं उठवतात. मग पाणी घोट घोट, चाकं जमिनीला टेकेपर्यंत.

उतरल्यावरही दडा राहिला तर पहिले काही तास गिळत, जांभया देत राहावं. दुखणं वाढलं, पाणी आलं, चक्कर आली किंवा एका कानानं एकदम ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आपल्याकडं संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालयं, सगळीकडं कान-नाक-घशाचा विभाग आहे. ओपीडी सकाळची असते, लवकर जा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

वेरूळची_लेक
आमचं बाळ मुंबईला उतरताना दूध पीत पीत उतरलं, रडलं नाही. केरळला उतरताना झोपलं होतं, उठवून पाजलं. थोडं कुरकुरलं, पण कानाला हात लावला नाही. परतीलाही असंच करणार.

गोदातीर
आमच्या पुढच्या जथ्यात माझे मामा जाताहेत, त्यांना मी या धाग्यातलं कागदावर लिहून दिलंय. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीत झालंय, त्यामुळं फुंकण्याचं खोडून गिळण्याचंच ठेवलं. त्यांना प्रोस्टेटचा पण त्रास आहे, सर्दीची गोळी नको असं मोठ्या अक्षरात लिहिलं. अजून काही टाकू का?

दुधना
त्यांच्या चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांचा फोन नंबर त्याच कागदाच्या मागं लिहा. आणि कागद बॅगेत नको, शर्टाच्या खिशात.